तिसऱ्या पाळीची तारीख

माझ्या वडिलांना जगातल्या बहुतेक गोष्टींबद्दल काहीच मत नव्हतं. निवडणूक, क्रिकेट, आईने केलेली भाजी, सगळ्याला ते "ठीक आहे" म्हणायचे. पण कम्प्यूटरच्या भाषांचा विषय निघाला की ते चष्मा काढून हातात घ्यायचे, आणि मग आमचे पोहे गार व्हायचे.

"कोबॉल," ते म्हणायचे, "ही एकच भाषा अशी आहे, की लिहिणारा मेला तरी दुसऱ्याला वाचता येते."

"बाबा, पाच ओळींच्या कामाला तुमचं कोबॉल पन्नास ओळी घेतं."

"घेऊ दे ना. तुला गाडी पकडायचीये का?"

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, इंदूरच्या होळकर कॉलेजातून बी.एस्सी. आणि वर दीड वर्षाचा डिप्लोमा करून सी आणि व्हिज्युअल बेसिक शिकले होते, आणि जगात मला कळत नाही असं काही उरलंय यावर माझा विश्वास नव्हता. बाबांच्या मते सी म्हणजे तारेचा मजकूर, पाठवणाऱ्यालाच दुसऱ्या दिवशी कळत नाही. व्हिज्युअल बेसिक म्हणजे चित्रकलेचा तास. जावाबद्दल त्यांनी पेपरात वाचलं होतं, तेव्हा ते फक्त "येतील आणि जातील" एवढंच म्हणाले. मी त्यांना सांगायचे की कोबॉल म्हणजे तहसीलदाराकडे केलेला अर्ज आहे, वर विभाग, खाली पोटविभाग आणि शेवटी आपला विनम्र. ते म्हणायचे, "हो ना! अर्जच आहे. म्हणून तर मंजूर होतो." आई मधेच म्हणायची, अनुश्री, तू खाऊन घे, त्यांचं चालू राहील.

बाबा आधी कापड मिलच्या टाइम ऑफिसात होते, म्हणजे हजेरीच्या खिडकीवर. त्र्याऐंशी साली मिलने दोन कपाटांएवढा कम्प्यूटर घेतला आणि हजेरीतल्या पंढरीनाथला, म्हणजे बाबांना, सहा आठवडे मुंबईला पाठवलं. बाबा कोबॉल शिकून आले. अख्ख्या मिलमध्ये एसी त्या एकाच खोलीला होता, त्यामुळे उन्हाळ्यात मॅनेजर लोक कामाचा बहाणा करून बाबांच्या शेजारी येऊन बसायचे. ही बाबांच्या आयुष्यातली नऊ सुखाची वर्षं. मग ब्याण्णव साली एका सकाळी मिलचं फाटक उघडलंच नाही. आमच्या नंदानगरात सकाळी सातचा भोंगा ऐकूनच घरं उठायची, तो बंद झाला आणि आठवडाभर सगळी गल्ली उशिरा उठली.

आमच्याकडे भिंतीवर रोज पान फाडायचं कॅलेंडर असायचं. बाबा ते पान सातचा भोंगा झाला की फाडायचे. भोंगा गेल्यावर मनगटावरच्या घड्याळात सात पाहून फाडायला लागले. त्याआधी कुणी हात लावला तर चालायचं नाही. सकाळी साडेसहाला कुणी तारीख विचारली तर आई भिंतीकडे बघून सांगायची, "थांबा, अजून कालचीच आहे." आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. प्रत्येक घरात एक वेड असतं.

मिल गेल्यावर एक वर्ष बाबा घरी होते. त्या वर्षाबद्दल मी काही लिहीत नाही. मग रामबागेत प्रसूतिगृह चालवणाऱ्या डॉ. अरुंधतीबाईंना त्यांच्या भावाने एक पीसी आणून दिला, आणि तो कुणालाच चालवता येईना. बाबा गेले, त्यांनी तो पुसला, त्यात कोबॉल घातलं आणि महिनाभरात प्रोग्राम लिहून दिला: बाळ कधी झालं, वजन किती, कुठली खोली, नर्सची ड्युटी कुणाची, सगळं त्यात. शेवटी बाळाचं कार्ड छापून निघायचं, आईला घरी सोडताना ते हातात द्यायचं. बाबांच्या टेबलावर पाटी लागली, 'कम्प्यूटर इनचार्ज'. टेबल लेबर रूमच्या बाहेर होतं आणि एसी नव्हता, पण बाबा रोज इस्त्रीचा शर्ट घालून जायला लागले.

आता माझ्या कंपनीबद्दल. 'नवक्षितिज सिस्टीम्स', हेड ऑफिस दिल्ली, आमची शाखा पलासियाला. अठ्ठ्याण्णव साली मी तिथे लागले, तेव्हा पहिल्या दिवशी मला एक छापील कागद मिळाला. ग्राहकाशी बोलताना 'बिघाड' म्हणायचं नाही, 'निरीक्षण' म्हणायचं. 'माहीत नाही' म्हणायचं नाही, 'कळवतो' म्हणायचं. 'नाही' हा शब्द तर कागदावरही नव्हता. कंपनी आधी एक सॉफ्टवेअर विकायची, मग त्याचं नवं रूप काढून जुनं कसं धोक्याचं आहे हे त्याच ग्राहकाला समजावून सांगायची. जुनं आपणच विकलेलं होतं ही आठवण काढणं सभ्य समजलं जात नसे.

आणि नव्व्याण्णव साल म्हणजे तर आमची दिवाळी होती. एकतीस डिसेंबरला रात्री बाराच्या ठोक्याला जगातले जुने कम्प्यूटर गोंधळणार, कारण त्यांत सालाचे दोनच आकडे असतात, शून्य-शून्य दिसलं की त्यांना एकोणीसशे साल वाटणार, विमानं पडणार. याला सगळे वायटूके म्हणायचे. आमचे शाखाप्रमुख हृषीकेश सर, ज्यांना राहत्या सुदामानगरात आणि ऑफिसातही सगळे बंटी सर म्हणायचे, ते ग्राहकाकडे जाऊन विमानापासून सुरुवात करायचे. सियागंजातल्या गुळाच्या व्यापाऱ्यालासुद्धा ते विमानाचंच सांगत.

त्याच वर्षी दिल्लीहून आमच्या कंपनीने अमेरिकेसाठी कोबॉलवाले भरायला काढले. जुने प्रोग्राम दुरुस्त करायला माणसं हवी होती. बाबांनी निळा शर्ट घातला आणि मुलाखती होत्या त्या हॉटेलात गेले. जाहिरातीत लिहिलं होतं, अनुभव दहा वर्षं, वय तिशीच्या आत. बाबा चोपन्न वर्षांचे. दारावरच्या माणसाने त्यांना विचारलं, "अंकल, बच्चे को छोडने आए हो?" बाबा हो म्हणाले आणि परत आले. हे त्यांनी आईला सांगितलं, आईने मला. प्रसूतिगृहातलं ते टेबल गेलं असतं तर बाबांना दुसरं टेबल कुठे मिळणार नव्हतं, हे आम्हा तिघांनाही नीट माहीत होतं.

आणि नोव्हेंबरात बंटी सरांनी मला बोलावून सांगितलं, "अनुश्री, रामबागची ती मॅटर्निटी आहे ना, डॉक्टर अरुंधती? तिथे अपना 'जन्मोत्सव गोल्ड' बसवायचाय. कोणी पुराने अंकल आहेत, कोबॉलमध्ये काही तरी करून ठेवलंय. तू जाऊन टेस्ट कर आणि रिपोर्टमध्ये हाय रिस्क लिही."

"टेस्ट करायच्या आधीच?"

"यार, कोबॉल है. टेस्ट काय करायची त्यात?"

"सर, ते अंकल माझे वडील आहेत."

बंटी सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "अरे, मग तर बढिया! घर का मामला. रिलेशनशिप ऑलरेडी आहे."

मी गेले. मनापासून सांगते, मला बाबांचा प्रोग्राम नापास व्हायला हवा होता. टेबल जावं असं मला वाटत नव्हतं, पण पोह्यांवरचा सहा वर्षांचा वाद मला एकदाचा जिंकायचा होता. आत बघते तर साल चार आकडी! मी विचारलं तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, "मिलमध्ये वाल्मिक नावाचा फिटर होता. प्रॉव्हिडंट फंडाला वारस म्हणून त्याने आईचं नाव लावलं. तिचा जन्म सत्त्याण्णवचा, म्हणजे अठराशे सत्त्याण्णवचा. मशीनने छापलं, वारस अजून जन्माला यायचा आहे. वाल्मिक त्या म्हातारीला खांद्यावर घेऊन टाइम ऑफिसात आला होता. तेव्हापासून मी चार आकड्यांखाली साल लिहीत नाही."

मी घड्याळ पुढे केलं, एक जानेवारी दोन हजार, सकाळी दहा. प्रोग्राम सुरळीत चालला. चाचणी मी सकाळी दहाची घेतली, कारण मी नोकरी दहाची करत होते. हे पुढे महागात पडायचं होतं. मी रिपोर्टमध्ये खरं ते लिहिलं. बंटी सरांनी तो वाचला, "तू भावनिक झालीयेस" म्हणाले, आणि स्वतःच्या सहीने दुसरा लिहिला.

दोन्ही रिपोर्ट अरुंधतीबाईंच्या टेबलावर पोचले. बाई साठीच्या, बोलायला कडक. त्यांच्या हातून अर्ध्या इंदूरचा जन्म झाल्यामुळे त्या कुणालाच फारसं मोठं समजत नसत. त्यांनी दोन्ही कागद बाजूला सारले. "मला यातलं काही कळत नाही. दोन्ही यंत्रं शेजारी-शेजारी ठेवा. पंचवीस डिसेंबरनंतर कुणी हात लावायचा नाही. एक तारखेला सकाळी मी बघेन. ज्याचं बरोबर चालेल ते राहील."

"आणि मॅडम, अपने गोल्ड में तो ऑपरेटरसुद्धा लागत नाही," बंटी सर म्हणाले. "सिस्टरच बटन दाबेल."

ते बाबांसमोर बोलले होते. बाबा आपल्या टेबलावरची पाटी रुमालाने पुसत होते.

पंचवीसला बंटी सरांनी दोन्ही कीबोर्डांच्या कपाटांना कंपनीची चिकटपट्टी लावली, म्हणजे प्रोग्रामला कुणी हात लावू नये. नोंदीपुरती ती काढून पुन्हा लावायची मुभा फक्त चंपा सिस्टरांना. चंपाताई महूच्या छावणीतल्या; आजोबा पलटणीत होते आणि ती शिस्त नातीत उतरली होती. रात्रपाळी त्यांचीच असायची. दोन्ही यंत्रांत सारखी नोंद करायची असं त्यांना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाळ एकच येणार ना? मग दोनदा कशाला लिहू?" पण लिहिलं.

एक जानेवारीला सकाळी साडेसहाला मी आणि बाबा रामबागेत पोचलो. थंडी कडक होती, बाहेर अजून अंधारच होता. आत मात्र लग्नघर झालं होतं. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी एक मुलगी झाली होती. तिचे वडील श्रीकृष्ण म्हणजे आमच्या भागाचे केबलवाले. त्यांचं स्वतःचं लोकल चॅनल होतं, त्यावर ते लग्नं, उद्घाटनं आणि हरवलेल्या गायी दाखवायचे. ते व्हिडिओ कॅमेरा आणि प्रखर दिवा घेऊनच आले होते. "नव्या शतकाची पहिली बेटी! आपल्या इंदूरची!" ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. "बस, कम्प्यूटरचं कार्ड निघू द्या, डेटचा क्लोजअप घेतो." कोपऱ्यात त्यांच्या आई द्वारकाबाई शाल गुंडाळून, तोंड पाडून बसल्या होत्या. नात झाल्याचं दुःख असेल असं वाटून मला त्यांचा रागच आला.

बंटी सर हार घेऊन आले होते. हार त्यांनी 'जन्मोत्सव गोल्ड'च्या यंत्राला घालायचा ठरवला होता. अरुंधतीबाई हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आधी तुमचं दाखवा."

बंटी सरांनी कार्ड छापायचं बटण दाबलं. पडद्यावर गुलाबी बाळ आलं, त्याने हात हलवला, संगीत वाजलं. मग एक चौकट आली. त्यात लिहिलं होतं की आपल्या परवान्याची मुदत ३१ डिसेंबर १९९९ रोजी संपली आहे, नूतनीकरणासाठी दिल्ली कार्यालयाशी संपर्क साधा. बाळ हात हलवतच राहिलं.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"निरीक्षण आहे, मॅडम," बंटी सर म्हणाले आणि फोनकडे धावले.

दिल्लीला घंटी वाजली, मग रेकॉर्ड केलेली बाई बोलली. तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. नव्या सहस्रकासाठी सर्व कर्मचारी रात्रभर सज्ज होते, त्यामुळे आज कार्यालय बंद राहील. बंटी सरांनी पुन्हा लावला. तीच बाई, तेच वाक्य. साल दोन हजारने आमच्या सॉफ्टवेअरला धक्काही लावला नव्हता. आमच्या कंपनीने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या ग्राहकासाठी लावलेलं कुलूप बरोबर वेळेवर बंद झालं होतं.

मला हसू दाबता येईना. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी चिकटपट्टी काढली, खुर्चीत बसले, दोन बोटांनी खोली क्रमांक टाकला आणि छपाईचं बटण दाबलं. प्रिंटर करकरला. कार्ड बाहेर आलं. श्रीकृष्णांनी दिवा लावला, कॅमेरा डोळ्याला लावला, पुढे वाकले, आणि तसेच राहिले.

"अंकल," ते म्हणाले, "यात तर एकतीस डिसेंबर लिहिलंय."

मी कार्ड ओढून घेतलं. वेळ दोन-दहा. तारीख ३१-१२-१९९९.

"एकतीसला रात्री दोनला तर माझी मिसेस घरी झोपली होती, भिया! संध्याकाळी आम्ही सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेले गराडू खाल्ले! माझी बेटी एक तारखेची आहे!"

बंटी सरांनी फोन खाली ठेवला. "मॅडम, बघा! वायटूके! मी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं!"

मी कार्ड पुन्हा वाचलं. साल मी तपासलं होतं. चार आकडे होते, दोन हजार सालही बरोबर आलं होतं. मग हे काय? बाबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि खालच्या खणातून लाल कापडात बांधलेला बस्ता काढला. प्रोग्राम छापून ठेवायची त्यांची मिलची सवय होती. हिरव्या पट्ट्यांचे लांबलचक कागद.

"इकडे द्या," अरुंधतीबाई म्हणाल्या. "मला बघू दे."

"मॅडम, ते तुम्हाला कळणार नाही, ते प्रोग्रामिंग आहे," बंटी सर म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे लक्षही दिलं नाही. चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचायला लागल्या. पान उलटलं. दुसरं उलटलं. तिसऱ्यावर त्यांचं बोट थांबलं, आणि त्यांनी मोठ्यांदा वाचलं. "तिसरी-पाळी. इफ तास इज लेस दॅन सात, परफॉर्म कालची-तारीख." त्यांनी वर पाहिलं. "म्हणजे सकाळी सात वाजायच्या आत जे होईल, त्याला कालची तारीख घालायची. असंच ना?"

"हो," बाबा म्हणाले.

एका बाळंतपणाच्या डॉक्टरबाईने, आयुष्यात पहिल्यांदाच प्रोग्राम हातात घेऊन, तीन मिनिटांत त्यातली चूक शोधून काढली होती. बाबा सहा वर्षं पोह्यांवर मला हेच सांगत आले होते. ते बरोबर निघाले, आणि मला वाटलं, देवा, आजच कशाला.

"पंढरीनाथजी, ही तिसरी पाळी कोणती?"

बाबांनी चष्मा काढून हातात घेतला. "मिलची. रात्री अकराला लागायची, सकाळी सातला सुटायची. तिची हजेरी आदल्या तारखेला लावतात. नाहीतर माणसाची एकच रात्र दोन दिवसांत तुटते. मिलचा दिवस सातच्या भोंग्याला बदलायचा." त्यांनी चष्मा शर्टाला पुसला. "इथे सिस्टरांच्या हजेरीसाठी मी तोच प्रोग्राम उतरवला. मला पाठ होता. तारीख सगळी एकाच जागेवरून घेतली जाते, म्हणून बाळांनाही तीच लागली. मुलं काही पाळीवर येत नाहीत, हे माझ्या लक्षातच आलं नाही, डॉक्टरबाई."

बाईंनी कागद खाली ठेवले. श्रीकृष्णांचा दिवा गरम होऊन तडतडत होता.

"सहा वर्षं?" बाईंनी विचारलं. "आणि कुणी सांगितलं नाही?"

"वर्षातून पाच-सहा जण यायचे," चंपाताई म्हणाल्या. "मी पेनने दुरुस्त करून द्यायची. महापालिकेचा फॉर्म तर तुमच्या हाताच्या रजिस्टरवरून जातो, तिथे बरोबरच आहे. मला वाटायचं, कम्प्यूटर आहे, रात्री त्यालाही झोप येत असेल."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं बरोबरच होतं!" कोपऱ्यातून आवाज आला. द्वारकाबाई शाल सावरत उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा पडलेला चेहरा पार बदलला होता. "सूर्य उगवल्याशिवाय वार बदलतो का कधी? मी रात्रीपासून रडतेय, की पोर शनिवारी झाली, शनिवारी झाली. माझ्या ध्यानातच आलं नाही! पहाटे दोनला शुक्रवारच होता. लक्ष्मीचा वार! बघ रे श्रीकृष्णा, मशीनला कळतं आणि तुला कळत नाही." त्यांनी माझ्या हातातून कार्ड घेतलं आणि चक्क कपाळाला लावलं.

तेव्हा मला उलगडा झाला. अर्ध्या घरांत पत्रिका मांडणारे आजी-आजोबा होते. त्यांचा दिवस सूर्योदयाला बदलायचा, आणि आमच्या मिलचा भोंगाही साधारण त्याच सुमाराला व्हायचा. सहा वर्षं मिलचा दिवस पंचांगाच्या आडोशाला लपून राहिला होता.

"आई, ते पंचांग आहे! माझं चॅनल आहे!" श्रीकृष्ण ओरडले. मायलेकांचं तिथेच जुंपलं.

बाबांनी मात्र खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि अरुंधतीबाईंपुढे ठेवली. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "तुम्ही ठरवलं होतं, ज्याचं बरोबर चालेल ते राहील." त्यांचा आवाज कापला. मिल बंद झाली तेव्हाही मी तो कापलेला ऐकला नव्हता, आणि मला वाद जिंकायचा होता याची इतकी लाज वाटली की मी भिंतीकडे तोंड केलं.

"मॅडम, अपना गोल्ड फक्त रिन्यू करायचाय," बंटी सर लगबगीने म्हणाले. "सोमवारी दिल्ली उघडली की..."

"आत काय आहे ते दाखवा," बाई म्हणाल्या.

"काय दाखवू?"

"तुमचा प्रोग्राम. यांचा मी वाचला. तुमचाही वाचते. कुठलं कुलूप कधी लागणार आहे ते आधीच बघून ठेवलेलं बरं."

"ते तर... मॅडम, ते दिल्लीला असतं. आम्हालापण दाखवत नाहीत."

"मग हृषीकेश, यांची चूक मला वाचता आली. तुमची तुम्हालाही वाचता येत नाही." बाईंनी किल्ली उचलली आणि बाबांच्या खिशात परत टाकली, सरळ वरच्या खिशात, लहान मुलाला गोळी द्यावी तशी. "पंढरीनाथजी, मिल बंद होऊन आठ वर्षं होत आली. बाळांना रात्री बाराला जन्मू द्या. किती वेळ लागेल?"

"दोन मिनिटं," बाबांच्या आधी मीच म्हणाले.

"आणि माझ्या हजेरीला हात लावायचा नाही!" चंपाताई पुढे आल्या. "माझी नाइट एकच राहू द्या. बाराला तोडली तर मी अर्धी काल आणि अर्धी आज. हे मिलवाल्यांनी बरोबर केलं होतं."

असं ठरलं. सिस्टरांचा दिवस सातला बदलेल, बाळांचा बाराला. बाबा खुर्चीत बसले, फाइल उघडली, त्या ओळीवर आले, आणि थांबले. बोटं कीबोर्डावर, पण हलेनात.

"अनु," ते म्हणाले, "तू कर. माझा हात जात नाहीये."

मी शपथ घेतली होती की आयुष्यात कोबॉलची एक ओळ लिहिणार नाही. मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि लिहिली. बाळांसाठी वेगळी तारीख, नर्सेससाठी तिसरी पाळी. सरळ वाक्यं होती, आईलासुद्धा कळली असती. शेवटचा पूर्णविराम द्यायचा राहिला, तो बाबांनी मागून बोट घालून दिला.

कार्ड पुन्हा छापलं, एक जानेवारीचं. ते श्रीकृष्णांच्या कॅमेऱ्यासमोर गेलं. पहिलं, शुक्रवारचं, द्वारकाबाईंनी परत द्यायला साफ नकार दिला. मुलीला पुढे दोन वाढदिवस मिळणार, त्यामुळे तिची काही तक्रार असायचं कारण नाही. बंटी सरांनी हार तसाच पिशवीत घातला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत आले, तो बाबांच्या टेबलावरच्या पाटीला घातला आणि म्हणाले, "हॅपी न्यू इयर, अंकल." माणूस वाईट नव्हता, दिल्लीला लांब दोरीने बांधलेला होता. आठवड्याने कंपनीचं पत्र आलं, की परवाना संपून कुलूप लागणं हे सॉफ्टवेअरच्या अपेक्षित वर्तनात मोडतं. मी त्याच पत्राच्या पाठीवर माझा राजीनामा लिहिला, कोबॉलच्या पद्धतीने, विभाग पाडून.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं. दोन जानेवारी, रविवार. मी सव्वासहाला उठून चहा टाकायला गेले, तर भिंतीवर दोन तारीख. पान फाडलेलं. मी आईकडे पाहिलं.

"त्यांनीच," आई हळूच म्हणाली. "उठल्या-उठल्या फाडलं."

बाबा दारापुढच्या ओट्यावर पेपर वाचत बसले होते, काही विशेष घडलं नाही असा चेहरा करून. मी चहा गाळून त्यांच्यापुढे ठेवला.  बरोबर सात वाजता त्यांनी मनगटाकडे पाहिलं, पेपर घडी करून ठेवला आणि आत आले. कॅलेंडरपर्यंत गेले. हात वर केला. मग तिथे करायला काही उरलेलं नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि तो हात तसाच खाली घेऊन त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला.

"पोहे टाक," ते म्हणाले. "आज तुझ्या त्या सीबद्दल काय म्हणणं आहे ते सांग. मी ऐकतो."